जादा वेगाचे जादा पैसे : संगणकाची डिस्क आणि आपला हिशोब



मागच्या गट-सभेत बेण्याचा विषय संपला, खोडव्याचा संपला, आणि चहा यायच्या आत मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. "साहेब, शेतकी ऑफिसातले संगणक बदलायचे म्हणतात. आतली डिस्क म्हणे लई महागाची घ्यायचीय, लई पळणारी. ऊस आमचा, पैसा आमचा. ती डिस्क काय उतारा वाढवनार हाय का?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि त्याचे नीट उत्तर त्या वेळी आमच्यापाशी नव्हते. चार आठवडे आम्ही त्यापाठी लागलो, जाणकारांना विचारले, थोडे वाचले, थोडी बेरीज-वजाबाकी केली. त्याचे सार आज या पानावर मांडतो.

आधीच सांगून टाकतो की आम्ही कृषी पदविकेवाले. बेणे, माती, पाणी हे आमचे शिक्षण. संगणक आम्ही नोकरीत, चुकत-माकत शिकलो. त्यामुळे इथे पंडिताची भाषा मिळणार नाही. पण खत घेताना, ठिबक घेताना, बैल घेताना जो हिशोब आपण घालतो तोच इथे घातला आहे. जास्त पैसे द्यायचे ते नेमके कशाचे, आणि ते पैसे परत कुठल्या वाटेने येणार?

प्रथम डिस्क म्हणजे काय ते पाहू. संगणक बंद केला तरी ज्यावर सगळे टिकून राहते ती ही वस्तू. जुन्या धाटणीच्या डिस्कमध्ये एक चकचकीत तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीक काटा पुढे-मागे सरकत अक्षरे लिहितो-वाचतो. हा काटा तबकडीला टेकत नाही. माणसाच्या केसाची जाडी धरली, तर तिच्याहून हजारो पटींनी कमी अंतरावर तो तरंगत असतो. पहिली अशी डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणली. चोवीस इंचांच्या पन्नास तबकड्या, वजन सुमारे टनभर, आणि मावत होते ते पाच मेगाबाइट. म्हणजे आज आपल्या मोबाईलवर काढलेला बांधावरचा एखादा फोटो!

आता वेग म्हणजे काय? आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते तसेच समजा. पाणी आहे, पाट आहे, पण आपली पाळी येईस्तोवर फावडे खांद्यावर टाकून बसायचे. तबकडीवरची हवी ती नोंद फिरत फिरत काट्याखाली येईस्तोवर काट्याला असेच बसावे लागते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी डिस्क घेतली, तर एक फेरी सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजून ८.३ भागांत पुरी होते. नोंद कधी लगेच सापडते, कधी पुरी फेरी जाते, म्हणून सरासरी थांबणे अर्ध्या फेरीचे, ४.२ भाग. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला हेच थांबणे ५.६ भाग, आणि १५,००० फेऱ्यांच्या डिस्कला २ भाग. याखेरीज काट्याला एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर सरकायला वेळ लागतो, तो साध्या डिस्कला आठ-नऊ भाग. गोळाबेरीज तेरा भाग. म्हणजे इकडची एक, तिकडची एक अशा विखुरलेल्या नोंदी काढायच्या असतील तर साधी डिस्क सेकंदाला सत्तर-पंचाहत्तर नोंदी काढते, त्यापुढे तिचा जीव जात नाही.

हे थांबणे कमी करण्यासाठी कंपन्यांनी काय काय केले! १९९२ मध्ये सीगेटने ७,२०० फेऱ्यांची डिस्क आणली, १९९६ मध्ये १०,००० ची, २००० साली १५,००० ची. २००३ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीने घरगुती गिऱ्हाइकासाठी १०,००० फेऱ्यांची 'रॅप्टर' काढली. तिच्यात मावत होते फक्त ३६ गिगाबाइट आणि तेवढ्याच पैशांत साध्या डिस्कमध्ये त्याच्या कितीतरी पट मावत होते. लोक तेव्हाही हाच वाद घालत होते: पळणारी घ्यावी की पोटाने मोठी घ्यावी? पुढे या शर्यतीतली हवाच गेली, कारण तबकडी नसलेली डिस्क स्वस्त झाली. तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारे काही नाही, काटा नाही, सगळे चिपांत. पाटाची पाळी गेली आणि स्वतःच्या विहिरीवर मोटर बसली, तसा हा फरक. थांबणे तेरा भागांवरून एका भागाच्या दहाव्या हिश्श्यावर आले. शंभर पटींहून जास्त फरक, आणि तो खरा आहे, जाहिरातीतला नाही.

एसएसडीतही पुन्हा दोन जाती. एक साधी, जुन्याच जोडणीने बसणारी, ती सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट वाचते. दुसरी थेट मुख्य पाटीवर बसणारी, एनव्हीएमई नावाची. ती साडेतीन हजार, सात हजार, आणि अगदी नवी तर चौदा हजार मेगाबाइटपर्यंत जाते. दुकानदार बोट ठेवतो ते याच आकड्यावर. "साहेब, पंचवीस पट वेग!" आणि आपल्याला वाटते की पंचवीस पट काम होईल.

इथेच आपण जरा थांबू. कारण हा घोटाळा आपल्या धंद्यात आपण रोज पाहतो.

समजा, गव्हाण दिवसाला अडीच हजार टन ऊस घेते. तोडणी यंत्रणा दुप्पट केली, ट्रॅक्टर दुप्पट लावले, आणि दिवसाला चार हजार टन ऊस यार्डात आणून उभा केला. गाळप किती होईल? अडीच हजारच. उरलेला दीड हजार टन उन्हात वाळणार, वजन घटणार, उतारा पडणार, आणि वाहनवाल्याचा मुक्काम वाढणार तो वेगळाच. वेग वाढवला तो चुकीच्या जागी. जिथे रांग लागते तिथे पैसे घातले तर रांग हलते. जिथे रांगच नाही तिथे सोन्याची गव्हाण बसवली तरी फायदा नाही. म्हणून डिस्कचा भाव विचारण्याआधी आम्ही एकच शोधले, आपल्या कामात रांग लागते कुठे.

पहिला वजनकाटा घेऊ, कारण सभासदाचा जीव तिथे अडकलेला असतो. गाडी काट्यावर चढते, आकडा स्थिर व्हायला थांबावे लागते, ड्रायव्हर खाली उतरतो, स्लिप शोधतो (ती बहुधा टपावरच्या डब्यात असते), नंबर सांगतो, पावती छापून निघते, सही होते. दोन-अडीच मिनिटे कुठे गेली नाहीत. त्यात डिस्कचे काम किती? अगदी वीस ठिकाणी लिहायचे धरले तरी साध्या फिरत्या डिस्कला पाव सेकंद. ती उडवून तिथे जगातली सर्वांत जलद डिस्क बसवली तरी दोन मिनिटांतले पाव सेकंद वाचेल. काट्यावरची रांग डिस्कमुळे नाही, हे लिहून ठेवा.

आता नोंदींचा पसारा पाहू. लोकांना वाटते, एवढा मोठा कारखाना, माहिती म्हणजे डोंगर असणार. हिशोब करा. समजा हंगामात चार लाख टन गाळप झाले आणि सरासरी खेप दहा टनांची. खेपा झाल्या चाळीस हजार. एका खेपेची नोंद, म्हणजे नाव, गट नंबर, जात, वाहन, वजन, वेळ, मुकादम, सगळे धरून एक किलोबाइट. मिळून चाळीस मेगाबाइट. म्हणजे अख्ख्या हंगामाचे वजन मोबाईलवरच्या दहा फोटोंत बसते! आम्हाला हे कळले तेव्हा आम्ही दोनदा गुणाकार करून पाहिला. एवढीशी नोंद संगणकाच्या चालू स्मृतीतच मावून जाते. म्हणून कित्येकदा डिस्कच्या नावाने बोटे मोडतो तेव्हा खरा दोष स्मृती तोकडी असण्याचा असतो, आणि ती वाढवणे डिस्क बदलण्याच्या आधी पाहावे.

मग बिलाचे काय? ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये. या पैशावर पोरीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, पुढची लागण अवलंबून. तेव्हा "जलद डिस्क आणा म्हणजे बिल लवकर निघेल" असे कोणी म्हणाले की माणूस मान डोलावतो. पण पंधरवड्याच्या बिलाचा हिशोब जुन्या संगणकाला पाऊण तास लागत असेल आणि नव्याला पाच मिनिटे, तरी वाचली चाळीस मिनिटे. चौदा दिवसांत चाळीस मिनिटे! बिल अडते ते साखर विकली जाण्यावर, तारणावर बँकेने पैसे सोडण्यावर, कपातीच्या याद्या जुळण्यावर. यातले एकही काम डिस्क करत नाही, आणि करते असे सांगून आम्ही तुमची दिशाभूल करणार नाही.

या बाबतीत वारणेचे उदाहरण प्रत्येक सभासदाने ऐकण्यासारखे आहे. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला, तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या त्या सहकाराच्या परिसरात, सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारचा पाठिंबा, गावोगाव संगणक केंद्रे, प्रिंटर, जोडणी. देशभर त्याची चर्चा झाली, आणि व्हावी असेच ते काम होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी तिथे जाऊन शांतपणे पाहिले की शेतकरी या संगणकावर करतो काय? तर करतो ते मोजकेच काम. किती ऊस गेला, वजन किती भरले, तोडीची पाळी कधी, खताचे काय झाले. चार ओळींची माहिती. मग त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाईल, आणि विचारणा संदेशाने. 'वारणा अनवायर्ड' हे त्याचे नाव. संगणकावर होणारे सगळे काम मोबाईलवर झाले, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्याला तेच जास्त सोयीचे वाटले. तो काळ साध्या बटणांच्या मोबाईलचा होता, हे ध्यानात घ्या.

आम्ही या गोष्टीकडे असे पाहतो. त्या गावच्या संगणकात कोणी महागातली महाग डिस्क घातली असती, तर पडद्यावर माहिती दोन सेकंद आधी आली असती. पण शेतकऱ्याला त्या केंद्रापर्यंत चालत जायचे, केंद्र उघडे असायला हवे, वीज असायला हवी. रांग होती ती वाटेवर. मोबाईलने ती वाटच काढून टाकली.

आता कोणी म्हणेल, म्हणजे साहेब, तुम्ही काहीच घेऊ नका म्हणता. तसे नाही. आमच्या पलीकडे दोन मते आहेत. एक म्हणते, सगळीकडे सर्वांत जलद माल घ्या, एकदाच काय तो खर्च होऊन जाऊ द्या. दुसरे म्हणते, चाललंय ते चालू द्या, पै खर्च नको. आम्हाला दोन्ही पटत नाहीत.

फिरत्या डिस्कच्या जुन्या संगणकापाशी सकाळी बसून पाहा. बटण दाबले की चार-पाच मिनिटे तो गुरगुरतो. मग नोंदीचे काम उघडायला मिनिट, एका कामातून दुसऱ्यात जायला अर्धे मिनिट. दिवसात पंधरा मिनिटे अशीच जातात. सहा संगणक, दीडशे दिवसांचा हंगाम, म्हणजे २२५ तास. तासाला शंभर रुपये धरले तर साडेबावीस हजार. साधी एसएसडी समजा चार हजाराला एक पडली, तर सहांचे चोवीस हजार. एका हंगामात जवळजवळ फिटले, असे कागद सांगतो.

पण कागद अर्धेच सांगतो, आणि हिशोब तपासणारा सभासद इथे आम्हाला पकडील म्हणून आम्हीच सांगतो. त्या २२५ तासांचा पगार काही वाचत नाही. कारकुनाचा पगार तोच. वाचते ते खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे थांबणे. पवन मावळातून पहाटेच्या एसटीने आलेला सभासद, भाताची खाचरे तशीच टाकून आलेला, खिडकीशी उभा आहे आणि आतून "जरा थांबा, मशीन लोड घेतंय" असे ऐकतो, त्या थांबण्याचा भाव कोणत्या रजिस्टरात लिहायचा? आमच्या मते तेवढ्यासाठी हा खर्च करावा. खिडकीवरच्या संगणकांना साधी एसएसडी द्यावी आणि त्यात काचकूच करू नये.

मात्र तिथेच थांबावे. सेकंदाला ५५० ऐवजी सात हजार मेगाबाइटवाली घेतली, तर जे काम एका सेकंदात उघडत होते ते पाऊण-पाव कमी सेकंदात उघडेल. माणसाच्या डोळ्याला कळणारसुद्धा नाही. फिरत्या डिस्कवरून साध्या एसएसडीवर येणे म्हणजे पायवाटेवरून डांबरी रस्त्यावर येणे. त्यापुढचे पैसे म्हणजे गावच्या रस्त्यावर द्रुतगती मार्गाची गाडी आणणे. पळवायची कुठे? (नव्या संगणकात आता तीच जात मुळातच बसवून येते आणि भावात फार फरक नसतो, तेव्हा ती घ्यावी. वेगळी, खास, वरच्या दर्जाची म्हणून पैसे मोजू नयेत, एवढेच आमचे म्हणणे.)

आणखी एक गोष्ट विचारात घ्यायची. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जो संगणक पुढच्या प्रणालीला चालत नाही, त्यात नवी डिस्क घालणे म्हणजे मोडकळीला आलेल्या गाडीला नवे टायर. चालेल, पण किती दिवस? अशा संगणकाची डिस्क बदलण्याआधी त्याचेच वय विचारावे. आणि भावाचे म्हणाल, तर २०२५ च्या अखेरीपासून चिपांचा भाव चढला आहे, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाला जगभर चिपा ओढून नेल्या जात आहेत. या मालाचा भावही आपल्या कांद्यासारखाच. २०११ मध्ये थायलंडात पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने बुडाले आणि इकडे दुकानात भाव चढले. तेव्हा घाईने साठा करू नये आणि अडल्यावरही जाऊ नये.

एवढे वेगाबद्दल. पण चार आठवड्यांत आमचे मत जिथे खरोखर बदलले ती गोष्ट वेगळीच आहे. ती सांगायची तर स्वतःची फजिती सांगावी लागेल.

आम्ही राहतो लोणावळ्याच्या बाजूला. तिकडे ऊस नाही, पाऊस आहे. जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, भिंतीला हात लावला तर ओला होतो. घरच्या संगणकात आम्ही आठ वर्षांच्या प्लॉटांच्या टिपणी ठेवल्या होत्या. कोणत्या गावात कोणत्या जमिनीला को ८६०३२ कसा आला, फुले २६५ चोपण जमिनीत कसा टिकला, कुठे हुमणी पडली, कुठे खोडवा साधला. सरकारी नोंद नव्हे, आमची स्वतःची. एका जुलैत वीज तीन-चारदा गेली-आली आणि संगणकातून टक् टक् असा आवाज येऊ लागला. दोन दिवस आम्ही "नंतर बघू" म्हटले. तिसऱ्या दिवशी तो आवाजही थांबला. माहिती परत काढून देणाऱ्याने जो आकडा सांगितला तो नव्या संगणकाच्या वर होता, आणि खात्री काहीच नाही. आम्ही नाद सोडला. दुसरी प्रत काढलेली नव्हती. चूक सर्वस्वी आमची. पन्नास वेळा आम्ही सभासदांना "बेणे दोन ठिकाणी राखा" म्हणून सांगितले असेल!

तेव्हा आता आम्ही म्हणतो, जादा पैसा द्यायचाच तर तो वेगाला नव्हे, टिकण्याला द्या. आपल्या भागात वीज कशी येते-जाते ते सांगायला नको. पहिल्या पावसाच्या विजा कडाडल्या की आमच्या पोटात गोळा येतो. इथे महाग डिस्कची एक बाजू आम्हाला नव्याने कळली. साधी एसएसडी लिहीत असताना वीज गेली तर शेवटचे लिहिलेले हरवू शकते. मोठ्या कामासाठी बनवलेल्या काही महाग एसएसडींत वीज साठवणारे छोटे भाग असतात. वीज गेली तरी तेवढ्या साठ्यावर ती हातातले लिहिणे पुरे करूनच थांबते. मुख्य संगणकात, जिथे सगळ्या गटांची नोंद आणि वजन जमा होते, तिथे अशी डिस्क घ्यावी, आणि एक नव्हे दोन, एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उतरेल अशी. तिच्या वेगाचा आकडा दुकानदाराने सांगितला नाही तरी चालेल.

पण दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या म्हणजे प्रत झाली असे समजू नये. चुकून एक यादी पुसली तर ती दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. प्रत ती जी वेगळी काढून वेगळी ठेवली. त्यासाठी तर जुनी फिरती डिस्कच उत्तम. पोट मोठे, किंमत कमी, आणि हळू चालली तरी कोणाचे काय अडते? अशा दोन घ्याव्यात, एक कारखान्यात, एक बाहेर. एसएसडी मात्र वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवण्याच्या कामाची नाही, तिच्यातली नोंद कालांतराने विरू शकते. उलट फिरती डिस्क वजनकाट्याच्या खोलीत ठेवू नये. भरल्या गाड्यांनी जमीन हादरते तिथे तरंगत्या काट्याचे हाल. जिथली वस्तू तिथे.

"एसएसडी झिजते म्हणे" अशीही शंका एकाने काढली. झिजते, खरे आहे. साधारण ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर ३०० टेराबाइट लिहिण्यापर्यंतची हमी कंपन्या देतात. आपण रोज वीस गिगाबाइट लिहिले, जे आपल्याच्याने होणार नाही, तरी ती हमी पुरी व्हायला एक्केचाळीस वर्षे लागतील. त्याआधी आम्ही निवृत्त झालेलो असू.

जाता जाता एका सभासदाची गोष्ट. कार्ल्याकडचे एक आबा, दोन एकर इंद्रायणी भात, एकरभर ऊस. नातू लोणावळ्यात लग्नांचे आणि 'प्री-वेडिंग'चे व्हिडिओ काढतो. त्याने सर्वांत जलद डिस्क मागितली आणि आबा आमच्याकडे आले. "साहेब, पोरगं म्हनतंय काम दुप्पट हुईल. देऊ का पैसे?" आम्ही म्हटले, आबा, त्याला घेऊन या. पोरगा आला. हुशार. त्याला विचारले, वेळ कुठे जातो? म्हणाला, कार्डावरून संगणकात उतरवायला. एका तासाचे चांगल्या दर्जाचे चित्रीकरण पंचेचाळीस गिगाबाइट होते. आम्ही म्हटले, तुझे कार्ड सेकंदाला किती देते? त्याने पाहिले, नव्वद मेगाबाइट. म्हणजे आठ-साडेआठ मिनिटे लागणारच, डिस्क साधी असो की सोन्याची. पाट नव्वदाचा आहे, विहीर कितीही मोठी पाडली तरी पाणी तेवढेच येणार. तो गप्प झाला. मग म्हणाला, पण कापाकापी करताना एका वेळी तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रे चालवावी लागतात, तिथे साधी डिस्क अडखळते. हे मात्र खरे होते. त्या कामाला आम्ही जलद एसएसडी घे म्हटले, मध्यम किमतीची, आणि कार्ड वाचणारे यंत्र बरे घे म्हटले, ते तर थोडक्यात येते. आणि लोकांच्या लग्नाचे चित्रण गिऱ्हाइकाच्या हाती पडेस्तोवर दोन ठिकाणी ठेव. लग्न काही परत लागत नाही. आबांनी पैसे दिले, तेवढेच दिले. आपल्या ऑफिसापेक्षा त्या पोराला जलद डिस्कची गरज जास्त आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो.

नव्या काळाच्या गोष्टीही आमच्या कानावर आहेत. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याची चौकशी आपले तरुण सभासद करतात. त्यात उपग्रहाची चित्रे येतात, जमिनीतल्या यंत्रांचे आकडे येतात, पण तो हिशोब दूरच्या मोठ्या संगणकांवर होतो आणि शेतकऱ्याच्या हाती मोबाईलवर सल्ला पडतो. "उद्या ते आले तर लागेल" म्हणून आज आपल्या ऑफिसात जलद डिस्क भरून ठेवण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. उद्या लागलीच तर उद्या घेऊ.

तेव्हा गट-सभेतल्या त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे: डिस्क उतारा वाढवणार नाही, बिलही आणणार नाही. खिडकीवरचे तुमचे उभे राहणे कमी करील आणि तुमच्या उसाची नोंद विजेने खाल्ली जाणार नाही एवढे पाहील. खिडकीला साधी एसएसडी, मुख्य संगणकाला वीज गेली तरी न विसरणाऱ्या दोन, प्रतींसाठी दोन फिरत्या, आणि उरलेल्या पैशांत चांगल्या बॅटऱ्या. असे टिपण आम्ही वर पाठवले आहे. संगणक विभागाचे मत थोडे वेगळे आहे, त्यांनीही आपले लिहून द्यावे. निर्णय संचालक मंडळ घेईल, आणि सभासदांना काही म्हणायचे असेल तर आमच्या टेबलाशी किंवा याच पानावर जरूर म्हणावे.

एक विनंती राहिली. ऊस नोंदीत ज्यांचा मोबाईल नंबर जुना आहे, विशेषतः ज्यांच्या नोंदीत मुलाचा नंबर आहे आणि मुलगा पुण्याला गेला आहे, त्यांनी आडसालीच्या नोंदी सुरू होण्याआधी गट ऑफिसात तो बदलून घ्यावा. सोबत सातबारा आणि मागच्या वजनाची एक पावती आणावी. तोडीचा निरोप पुण्याला जाऊन उपयोग नाही.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग